मेक्सिको सिटीतला हिरवा, मोकळा भात

मेक्सिको सिटीत दुपारी दोननंतर कुठल्याही फोंदात शिरा. फोंदा म्हणजे घरगुती खाणावळ. तिथलं ठरलेलं जेवण, म्हणजे 'कोमिदा कोरीदा', क्रमानं वाढलं जातं: आधी पातळ सूप, मग भात, मग रस्सा किंवा भाजी. भात रश्शाच्या आधी येतो आणि वेगळ्या ताटलीत एकटाच येतो. फार तर वर एखादं तळलेलं अंडं नाहीतर पिकल्या केळ्याच्या तळलेल्या चकत्या. वरण नाही, आमटी नाही. भात गिच्च झाला किंवा बेचव झाला तर सांभाळून घ्यायला सोबत काहीच नसतं. त्यामुळे इथल्या बायका भात फार निगुतीनं करतात, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

पुण्या-मुंबईत 'मेक्सिकन राईस' म्हणून राजमा, मका आणि चीज घातलेला जो भात मिळतो, तो इथल्या घरांत मला दिसला नाही. इथं टोमॅटोचा लाल भात, साधा पांढरा भात आणि हिरवा भात, म्हणजे 'आर्रोस वेर्दे'. आज हिरव्याबद्दल लिहिते, कारण त्याला लागणारं जवळजवळ सगळं तुमच्या मंडईत मिळतं.

आधी तांदूळ. शेजारच्या मोरेलोस राज्यातला तांदूळ इथं नावाजलेला. आपल्या आजरा घनसाळला आहे तसं त्यालाही 2012 पासून भौगोलिक मानांकन आहे. दाणा चांगला जाड, मध्ये पांढरा ठिपका असलेला, आणि रस, म्हणजे कोंबडी किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी, पिऊनही सुटा राहणारा. तुम्ही कोलम घ्या. आंबेमोहोर नको, तो मऊ आणि चिकट होतो. बासमतीही नको, त्याचा स्वतःचा वास कोथिंबिरीच्या आड येतो.

एक वाटी तांदूळ गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायचा, मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा आणि चाळणीत निथळत ठेवायचा. हे निथळणं उरकून टाकू नका. भात मोकळा होतो तो पाणी घालायच्या आधीच. दाण्यावरचं पीठ धुऊन जायला हवं आणि दाणा कोरडा व्हायला हवा, म्हणजे तेलात तो नीट परतला जातो.

जाड बुडाच्या पातेल्यात तीन-चार चमचे तेल घेऊन त्यात हा तांदूळ मध्यम आचेवर परतायचा. सुरुवातीला दाणे एकमेकांना धरून राहतात, उलथन्याला चिकटतात. पाच-सात मिनिटांनी ते सुटे होतात, अर्धपारदर्शक कडा पांढऱ्याफट्ट होतात, आणि मग आवाज बदलतो. ओलसर चरचर थांबून कोरडी खळखळ ऐकू येते. माझ्या शेजारच्या सेन्योरा या वेळी बोलायच्या थांबतात आणि कान देतात. हिरव्या भातासाठी तांदूळ तांबूस होऊ द्यायचा नाही, रंग मळतो. जास्तीचं तेल काढून घ्यायचं.

आता वाटण. पोब्लानो ही गडद हिरवी, मोठी, फारशी तिखट नसलेली मिरची. ती आपण भरताचं वांगं भाजतो तशी थेट जाळावर काळी करायची, झाकून ठेवायची आणि साल काढायची. तिच्याऐवजी तिकडे एक ढोबळी मिरची आणि एक साधी हिरवी मिरची चालेल. सोबत मोठी मूठभर कोथिंबीर देठांसकट, थोडी पार्सली, पाव कांदा, लसणाची एक पाकळी. इथं कोथिंबिरीचे कोवळे देठ कुणी टाकत नाही, चव तिथंच जास्त. पार्सली मिळाली नाही तर पालकाची दोन पानं रंगापुरती घाला. जिरं मात्र घालू नका. भातात जिरं ही उत्तर मेक्सिकोतली आणि टेक्साससारख्या सीमेपलीकडच्या भागातली पद्धत.

या पातेल्यात काय काय एकत्र येतं बघा. मिरची मूळची इथली, आपल्याकडे ती पोर्तुगिजांनी आणली. तांदूळ आणि कोथिंबीर समुद्रापलीकडून इथं आले. स्पॅनिश राजवटीत 1565 पासून 1815 पर्यंत मनिला आणि अकापुल्को यांच्यात गलबतं ये-जा करत होती, तेव्हा आशियाशी या देशाचा संबंध पुष्कळ जुना आहे.

वाटण परतलेल्या तांदळात ओतून दोन-तीन मिनिटं शिजवायचं, कच्चा वास जाईपर्यंत. मग गरम रस आणि मीठ. वाटण धरून मुंबई-पुण्यात पावणेदोन वाट्या पुरेत. मेक्सिको सिटी 2240 मीटर उंचीवर आहे, इथं पाणी 100 अंशांच्या बरंच आधी, साधारण 92-93 अंशांना उकळतं. म्हणून इथं सव्वादोन वाट्या लागतात आणि वेळही जास्त. उकळी आली की वर पुदिन्याची एक काडी आणि एक अख्खी हिरवी मिरची ठेवायची, झाकण लावायचं, आच अगदी मंद.

'नो लो मुएवास, मिहा,' सेन्योरा मला अजून बजावतात. हलवू नकोस गं पोरी. मसालेभात मध्येच वरखाली करायची सवय असलेल्या हाताला हे जड जातं, पण ढवळलं की दाणा मोडतो आणि त्याची पिठूळ खळ सुटते. पंधरा-अठरा मिनिटांनी गॅस बंद, मग झाकण न काढता दहा मिनिटं. त्यानंतर काट्यानं हलकेच मोकळा करून बारीक चिरलेली कच्ची कोथिंबीर आणि लिंबाचे चार थेंब. शिजलेल्या कोथिंबिरीचा सुवास बराचसा उडतो, म्हणून ही कच्ची हवीच.

शाकाहारी मंडळींना एक सांगते. इथं कधी आलात तर फोंदातला भात विचारूनच घ्या, तो बहुतेक वेळा कोंबडीच्या रसात शिजवलेला असतो, दिसायला कितीही साधा असो. घरी कांदा, गाजर आणि कोथिंबिरीच्या जाड देठांचा रस काढला तरी चव छान येते. उरलेला भात दुसऱ्या दिवशी काळ्या घेवड्याच्या उसळीबरोबर घ्या, त्यात एपासोते नावाचा इथला उग्र वासाचा पाला घालतात. तो तिकडे मिळणार नाही, उसळ साध्या लसणाच्या फोडणीची केलीत तरी चालेल.