निवारा केंद्रातलं नोंदणीचं टेबल

पूर इतक्यात ओसरणार नाही हे कळल्यावर मदतीला जायचं मनाशी पक्कं झालं. पण थेट निवारा केंद्राच्या दारात जाऊन उभं राहायचं नाही, हेही मी तेव्हाच ठरवलं. आपत्तीच्या जागी आपणहून गेलेल्या माणसालाही पाणी लागतं, जेवण लागतं, झोपायला जागा लागते. त्याला काय काम द्यायचं हे ठरवायला आधीच दमलेल्या कोणाला तरी वेळ काढावा लागतो. म्हणून केंद्र चालवणाऱ्या संस्थेकडे मी रीतसर नाव नोंदवलं. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, घरच्यांचा नंबर घेतला, कुठला आजार आहे का, गोळ्या चालू आहेत का, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, हे सगळं विचारलं. मग एका आचारसंहितेवर सही घेतली. कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, मदतीच्या बदल्यात कोणाकडून काही घ्यायचं नाही, केंद्रात कळलेली माहिती बाहेर सांगायची नाही. काही जणांना अशी सही देताना अपमान वाटतो. माझा मात्र त्या सहीमुळेच संस्थेवर विश्वास बसला. घर सोडून आलेलं माणूस पूर्णपणे अनोळखी लोकांवर विसंबून असतं, तिथे सगळे चांगल्या मनानेच आले आहेत असं धरून चालता येत नाही.

प्रशिक्षण अगदी थोडक्यात झालं. त्यातला सगळ्यात उपयोगी भाग मानसिक प्रथमोपचाराचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली याची एक मार्गदर्शिका काढली आहे, आणि तिचा गाभा तीन क्रियापदांत मावतो: पाहा, ऐका, जोडून द्या. आधी आजूबाजूला धोका काय आहे आणि कोणाला तातडीने मदत हवी आहे हे पाहायचं, मग समोरच्याचं ऐकायचं, आणि शेवटी त्याला हवी ती सेवा किंवा त्याची माणसं यांच्याशी त्याला जोडून द्यायचं. ‘काय झालं ते सगळं सांगा, मन मोकळं करा’ असा आग्रह करायचा नाही, हे आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. ज्याला बोलायचं आहे तो बोलेल, ज्याला नुसतं बसायचं आहे त्याला बसू द्यायचं. ‘होतं ते बऱ्यासाठी’, ‘निदान जीव तरी वाचला’ ही वाक्यं तोंडातून काढायची नाहीत. हे ऐकायला सोपं वाटतं, पण रडणाऱ्या माणसासमोर गप्प राहण्याची सवय आपल्याला नसते. ती मला तिथेच लावून घ्यावी लागली.

मला काम मिळालं नोंदणीच्या टेबलावर. आधी वाटलं, हा कागदी कारभार, खरं काम आत चाललंय. पहिल्याच पाळीत कळलं की आतलं सगळं या टेबलावरच्या कागदांवर चालतं. किती माणसांचं जेवण मागवायचं, किती गरोदर बायका आहेत, कोणाला जिना चढता येत नाही, कोणाची गोळी चुकली तर जीव धोक्यात येईल, हे इथे लिहिलं गेलं नाही तर आत कोणाला कळायचा दुसरा मार्ग नसतो.

आलेल्या माणसाला आधी बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी, मग फॉर्म, हा आमच्या समन्वयकताईंचा नियम होता. ओल्या कपड्यांतल्या माणसाला उभं ठेवून आधार क्रमांक विचारायचा नाही. कागदपत्रं वाहून गेलेल्यांना त्या घडीला तीच सगळ्यात मोठी भीती असते, की आता आपण कोण हे सिद्ध कसं करायचं. निवाऱ्यासाठी कागद लागत नाही, हे मी प्रत्येकाला फॉर्म काढायच्या आधीच सांगायचे, आणि ते ऐकल्यावर माणसं खुर्चीत जरा मागे टेकायची.

औषधांचा रकाना सगळ्यात जास्त वेळ खायचा. ‘सकाळची एक पांढरी, बारीक गोळी’ एवढंच एका आजींना आठवत होतं. ‘पोरी, चिठ्ठी डब्यात होती आणि डबा गेला,’ त्या म्हणाल्या. अशा वेळी अंदाजाने काही लिहायचं नाही. गोळी कशासाठी होती, किती वर्षं चालू आहे, कोणत्या दवाखान्यातून मिळायची, हे विचारून नाव डॉक्टरांच्या यादीत वर घ्यायचं. इन्सुलिन, फिट्सची औषधं, रक्तदाबाच्या गोळ्या, क्षयरोगाचा कोर्स, डायलिसिस: यांतलं काहीही असलं की लाल शाईने खूण. पुरात बुडून जीव जातात हे सगळ्यांना दिसतं. खंड पडलेल्या औषधांमुळे पुढच्या आठवड्यांत काय होतं, ते फारसं कोणी पाहत नाही. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं, त्यामुळे केंद्रातला फ्रिज आधी औषधांचा, मग बाकीच्या कशाचाही, हे समन्वयकताईंनी दारावरच लिहून ठेवलं होतं.

मुलांच्या बाबतीत नियम आणखी कडक. सोबत मोठं माणूस नसलेलं मूल आलं तर ते कुठे सापडलं, कोणी आणलं, अंगावर काय कपडे होते, ते स्वतः काय नाव सांगतं, हे सगळं ताबडतोब लिहायचं. कोणी ‘मी याचा काका’ म्हणत आला तरी लगेच हवाली करायचं नाही. दोघांना वेगवेगळं विचारायचं, बालसंरक्षणाचं काम पाहणाऱ्यांना बोलवायचं. अमेरिकेत 2005 च्या कतरिना आणि रिटा वादळांनंतर पाच हजारांहून जास्त मुलं हरवल्याची नोंद झाली होती, आणि शेवटच्या मुलापर्यंत पोचायला काही महिने लागले. ते प्रशिक्षणात ऐकल्यापासून मुलांचा रकाना भरताना माझं अक्षर आपोआप सुवाच्य व्हायचं.

आता पाणी आणि संडास. याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण मदतीच्या फोटोंत हे कधीच येत नाही.

मदतकार्यासाठी ‘स्फिअर’ नावाचे आंतरराष्ट्रीय किमान निकष आहेत. 1997 साली स्वयंसेवी संस्था आणि रेड क्रॉस-रेड क्रेसेंट चळवळ यांनी मिळून हे काम सुरू केलं. त्यानुसार राहण्यासाठी माणशी किमान 3.5 चौरस मीटर छताखालची जागा, रोज पिणं, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी 15 लिटर पाणी, सुरुवातीला 50 माणसांमागे एक संडास आणि लवकरात लवकर 20 माणसांमागे एक. सार्वजनिक संडासांत बायकांसाठीचे पुरुषांच्या तिप्पट. हे आकडे मी आधी वाचले होते, पण 3.5 चौरस मीटर म्हणजे नक्की किती, हे जमिनीवर खडूने आखल्यावर कळलं. एक माणूस आडवं होईल, शेजारी पिशवी राहील आणि रात्री उठलं तर दुसऱ्याच्या अंगावर पाय पडणार नाही, एवढंच ते. आमच्या सभागृहात पहिल्या रात्री तेवढंही मिळत नव्हतं.

दुसऱ्या की तिसऱ्या पाळीत माझ्या लक्षात आलं की दुपारी डोकं दुखतंय, चक्कर येतेय म्हणून येणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत. प्रथमोपचार पाहणाऱ्या ताईंनी एकीला विचारलं, ‘पाणी किती प्यालात?’ ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, ‘प्यायलं की जावं लागतं.’ संडास इमारतीच्या मागच्या बाजूला होते, वाटेत दिवा नव्हता, एका दाराला आतून कडी नव्हती. बायका दिवसभर पाणी टाळत होत्या. दोन तर रात्री जायला लागू नये म्हणून जेवतही नव्हत्या. साठ्याच्या नोंदीत मात्र पाणी भरपूर होतं, माणशी हिशोब बरोबर जुळत होता.

त्या संध्याकाळी समन्वयकताईंनी बायकांची वेगळी बैठक घेतली. पुरुष स्वयंसेवकांना बाहेर थांबायला सांगितलं. काय हवं ते बायकांनीच ठरवलं: वाटेवर दिवा, दाराला कडी, बायकांचे संडास वेगळे आणि त्यावर मोठं चित्र, पॅड टाकायला झाकणाचा डबा, आणि रात्री दोघीदोघींनी जायचं. केंद्रात आलेल्यांतच एक सुतारकाम करणारे काका होते. त्यांनी कडी बसवली आणि दुसऱ्या दाराचा निखळलेला बिजागरही नीट केला. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाक्या लवकर रिकाम्या झाल्या, तेव्हा मला जो आनंद झाला तो मी कोणाला समजावून सांगू शकणार नाही.

पाणी शुद्ध करण्याचं काम मी आवर्जून मागून शिकून घेतलं. क्लोरीन टाकल्यावर निदान अर्धा तास थांबायचं, मग चाचणी नळीत नमुना घेऊन त्यात गोळी विरघळवायची. पाणी गुलाबी झालं की रंग पट्टीवरच्या रंगाशी जुळवायचा. लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं. गढूळ पाण्यात क्लोरीन त्या गाळावरच खर्ची पडतं, म्हणून आधी निवळू देणं आणि गाळणं. नळातून सोडण्याआधी तपासायचं, आणि लोकांच्या कळशीतही तपासायचं, कारण पाणी पुष्कळदा तिथे पोचल्यावर दूषित होतं.

मदत म्हणून आलेल्या वस्तूंबद्दल मला राग नाही, देणारे जिव्हाळ्याने देतात. पण वापरलेल्या कपड्यांचे न निवडलेले ढीग आले की चार स्वयंसेवक दिवसभर तिथेच अडकतात, आणि पावसात ते गाठोडं भिजलं की फेकण्याचं वेगळं काम. त्याच वेळी मोठ्या मापाचे डायपर, चष्मे, काठ्या, अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड मिळत नसतात. केंद्राला आज काय हवं हे विचारून पाठवा, किंवा पैसे द्या, हे मी आता ओळखीतल्या प्रत्येकाला सांगते. बाळांच्या दुधाच्या पावडरीबद्दल तर कळकळीने सांगते. 2006 साली इंडोनेशियातल्या योग्यकर्ताच्या भूकंपानंतर झालेल्या अभ्यासात, दान आलेली दूध पावडर मिळालेल्या बाळांमध्ये जुलाबाचं प्रमाण न मिळालेल्यांच्या दुपटीहून जास्त आढळलं. दूषित पाणी, न उकळलेल्या बाटल्या, आणि त्यात आईचं अंगावर पाजणं कमी होतं. ताणामुळे आईचं दूध आटतं हा समज केंद्रात सारखा कानावर यायचा. ताणाने दूध उतरायला वेळ लागू शकतो, पण बाळाला वारंवार पाजत राहिलं आणि आईला आडोसा, पाणी, थोडी विश्रांती मिळाली की ते सुरू राहतं. आम्ही पडद्यांचा एक कोपरा त्यासाठीच राखला. ज्या बाळांना खरोखर पावडर लागते त्यांच्यासाठी ती आरोग्यसेविकेच्या देखरेखीखालीच.

जनावरांचा प्रश्न वेगळाच. आपलं जनावर सोडून यायचं नाही म्हणून माणसं घर सोडत नाहीत. कतरिनाच्या वेळीही हेच झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे कायदा करून स्थलांतराच्या योजनांत पाळीव प्राण्यांचा विचार सक्तीचा केला गेला. आमच्याकडे आवारात दोर बांधायला जागा होती, ती वेळेवर सुचली हे चांगलं झालं.

भांडणं व्हायची. चार्जिंगच्या बोर्डापाशी, रांगेत, खिडकीजवळच्या जागेवरून. केंद्रातल्या लोकांचीच एक समिती झाल्यावर ती बरीच कमी झाली. कोणती वेळ मुलांची, दिवे कधी मालवायचे, साफसफाईची पाळी कोणाची, हे त्यांनी ठरवलं. ज्या माणसाच्या हातातून घर, काम, कागद सगळं गेलेलं असतं, त्याला दिवा कधी मालवायचा एवढं तरी ठरवता यावं, असं मला मनापासून वाटतं. फोटोंनाही समितीने बंदी केली. रेड क्रॉसने आणि इतर संस्थांनी 1994 साली मान्य केलेल्या आचारसंहितेतही शेवटचं कलम हेच आहे, की आपत्तीग्रस्तांना प्रसिद्धीत हताश वस्तूंसारखं दाखवायचं नाही, सन्मान असलेली माणसं म्हणून दाखवायचं. साहित्य देताना फोटो हवा म्हणून हट्ट धरणाऱ्यांना एका तरुण मुलीने दारातच विचारलं, ‘तुमच्या घरच्यांचा असा फोटो चालेल का?’ ते साहित्य ठेवून, फोटो न काढता गेले.

पाळी संपली की वहीत लिहून, पुढच्या स्वयंसेवकाला तोंडी सांगून, मगच निघायचं. कोणाला ताप आहे, कोणाचा नातेवाईक अजून सापडलेला नाही, कोणत्या टाकीत क्लोरीन टाकलंय. मग सक्तीची झोप. आणखी थांबते म्हटलं तर समन्वयकताई ऐकून घ्यायच्या नाहीत. दमलेला माणूस आधी चिडतो, मग औषधाचं नाव चुकीचं लिहितो, असं त्यांचं म्हणणं. घरी गेल्यावर काही रात्री लोकांचे आवाज कानात राहिले. संस्थेने आमच्यासाठीही बोलायला एक माणूस ठेवला होता आणि मी त्याच्याशी बोलले.

पाणी ओसरल्यावर केंद्र एका दिवसात बंद करायचं नसतं. घर राहण्याजोगं आहे का, विजेचे बोर्ड तपासलेत का, साप-विंचवाची भीती आहे का, जायला कोणाची इच्छा आहे आणि कोणाला दुसरीकडे सोय हवी आहे, हे नोंदणीच्याच टेबलावर पुन्हा विचारलं गेलं. मी प्रत्येक नावापुढे तारीख आणि जाण्याचं ठिकाण लिहिलं. उरलेल्या औषधांच्या मुदती पाहून ती आरोग्य केंद्राला दिली. फॉर्मची गठ्ठी मोजून संस्थेच्या ताब्यात दिली आणि कामासाठी माझ्या मोबाइलमध्ये आलेले लोकांचे नंबर समन्वयकताईंसमोर बसून काढून टाकले. पुढच्या प्रशिक्षणासाठी मी नाव दिलंय. या वेळी साठ्याच्या नोंदी शिकायच्या आहेत आणि त्या वहीत संडासाच्या कड्या, दिवे आणि झाकणाचे डबे यांचा रकाना पहिल्या पानावर हवा, हे मी त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.