घाटाच्या रेसमध्ये पुढे कोण असेल: शीटचं नवीन अपडेट

आपल्या घाटाच्या सायकल रेसचा रूट आला, कच्ची स्टार्ट लिस्ट पण आली, आणि कोण जिंकेल याचा अंदाज काढायच्या माझ्या शीटमध्ये जे बदल करायचे होते ते बऱ्यापैकी मार्गी लागलेत, तर आता सविस्तर लिहितो. ज्यांना नुसती नावं हवीत त्यांनी सरळ खाली जा, पण खरी मजा मधल्या भागात आहे.

आधी रूट. साधारण १०५ किमी. २० किमीला पहिला चढ, ६ किमी लांब, सरासरी ५ टक्के. ६० किमीला दुसरा, दीडच किमी पण ९ टक्के. मग ९० किमीला शेवटचा घाट, ४ किमी, ७ टक्के. आणि टॉपवर फिनिश नाहीये! टॉपनंतर ७ किमी उतार आणि मग ४ किमी सपाट, तिथे फिनिश. सगळे 'क्लायंबरची रेस, क्लायंबरची रेस' म्हणतायत ते या शेवटच्या ११ किमीकडे न बघताच म्हणतायत असं मला ठामपणे वाटतं.

शीटचा पाया अर्थातच वॅट पर किलो, म्हणजे रायडर जेवढी ताकद काढतो ती भागिले त्याचं वजन. सगळेच तिथून सुरू करतात आणि बरोबरच आहे. पण तो आकडा कुठे लागू होतो आणि कुठे नाही हे एकदा स्वतः गणित करून बघा, डोळे उघडतात. दोन रायडर घ्या. एक ६० किलोचा, तासभर २७० वॅट काढणारा, म्हणजे ४.५ वॅट पर किलो. दुसरा ७८ किलोचा, ३३५ वॅटवाला, म्हणजे ४.३ च्या आसपास. दोघांच्या सायकली ८ किलोच्या धरल्या आणि मोठ्याला हवा थोडी जास्त अडवते हेही धरलं, तर ८ टक्क्यांच्या चढावर बारका ताशी साधारण १५.७ किमीच्या स्पीडने जातो आणि मोठा १५.५ ने. १० किमीच्या घाटात फरक पडतो अर्ध्या मिनिटाचा. तोच चढ ३ टक्क्यांचा करा, दोघंही पावणेअठ्ठावीसच्या आसपास, फरक जवळजवळ शून्य. आणि सपाटीवर मोठा साडेएकोणचाळीस, बारका पावणेएकोणचाळीस. म्हणजे वॅट पर किलो कमी असलेला माणूस ३ टक्क्यांपर्यंत कुठेही मागे पडत नाही, आणि त्यात ड्राफ्ट, म्हणजे दुसऱ्याच्या मागे राहून हवा चुकवणं, अजून धरलेलाच नाही. ३ टक्क्यांवर २८ च्या स्पीडला तुमच्या एकूण ताकदीतली ३० टक्क्यांच्या आसपास ताकद हवा कापण्यातच जाते, त्यामुळे कुणाच्या तरी व्हीलला बसलं की चांगलीच बचत होते. ८ टक्क्यांवर १५ च्या स्पीडला हवेचा वाटा जेमतेम ५ टक्के, तिथे व्हील धरून फारसं काही हाती लागत नाही, स्वतःच्या पायांवरच जावं लागतं.

म्हणून या वेळी पहिला बदल हा केला की अख्ख्या रेसला एक आकडा लावायचा नाही, प्रत्येक चढाला वेगळा लावायचा. पहिल्या ६ किमीच्या चढावर, ५ टक्क्यांवर, एवढ्या लवकर, पुढचा ग्रुप फारसा फुटणार नाही, मागचे लोक गळतील फक्त. दुसरा दीड किमीचा चढ हा साधारण ५-६ मिनिटांचा दम आहे, तिथे तासभराची पॉवर बघून काही कळत नाही, पाच मिनिटांची बघायला पाहिजे. चढाची लांबी हा वेगळाच विषय आहे आणि आपल्याकडे 'हिली रेस' म्हटलं की सगळं एकाच गठ्ठ्यात टाकतात. स्वित्झर्लंडचा प्रो सायकलपटू कान्चेलारा आठवा. ८० किलोच्या आसपासचा माणूस, बेल्जियममधली टूर ऑफ फ्लँडर्स ही रेस तीनदा जिंकला, २०१०, २०१३ आणि २०१४, आणि २०१३ ला तर प्रतिस्पर्धी सागानला तिथल्या पाटरबर्गच्या चढावरच मागे सोडलं त्याने. पाटरबर्ग जेमतेम ३६० मीटरचा आहे, पण सरासरी १२-१३ टक्के. एवढ्या मिनिटभराच्या चढाला नुसती दणदणीत ताकद पुरते. बेल्जियममधलीच लिएज-बास्तोन-लिएज ही रेस मात्र तो कधीच जिंकला नाही, कारण तिथले चढ लांब आहेत आणि एकामागून एक येत राहतात. दोन्ही रेस डोंगराळच, पण दावेदार पूर्ण वेगळे.

दुसरा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शेवटचा घाट ९० किमीला आहे. तिथे पोचेपर्यंत पुढच्या ग्रुपमधल्या माणसाने सरासरी २०० वॅट धरले तरी पावणेतीन तासांत १,९०० ते २,००० किलोज्यूल जाळलेले असतात. ताज्या पायांवरची २० मिनिटांची टेस्ट आणि त्याचे ९५ टक्के करून काढलेली एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकणारी ताकद, तिथे काय कामाची? प्रो रायडरवर जो अभ्यास गेल्या काही वर्षांत झालाय त्यातही हेच येतंय, ताज्या पायांवर सगळे जवळजवळ असतात, खरा फरक दिसतो तो २,००० किलोज्यूलनंतर. म्हणून आता प्रत्येकाच्या नावापुढे दोन आकडे आहेत, ताजा आणि थकलेला.

थकलेला आकडा काढायचा कसा, पॉवरच्या फाइल तर सगळे दाखवत नाहीत. तर स्ट्रावावर, म्हणजे राइड नोंदवायच्या ॲपवर, टाइम उघडे असतात आणि त्यावरून व्हॅम निघतो, तासाला किती मीटर उंची चढला तो. पण दोन वेगळ्या चढांचे व्हॅम सरळ एकमेकांशी लावू नका, चढ जितका तीव्र तितका त्याच ताकदीत व्हॅम जास्त येतो. ठोकताळा असा आहे की व्हॅमला भागायचं २०० अधिक चढाच्या टक्क्यांच्या दहापटीने. ५ टक्क्यांवर ११०० चा व्हॅम म्हणजे ११०० भागिले २५०, ४.४ वॅट पर किलो. तोच ११०० चा व्हॅम ७ टक्क्यांवर आला तर ११०० भागिले २७०, जेमतेम ४.१. वारा मागून असेल किंवा ग्रुपमध्ये असाल तर हा आकडा फुगतो, त्यामुळे ६ टक्क्यांखालचे चढ मी या कामाला घेतच नाही. आणि लांब राइडमधला शेवटचा चढ शोधायचा, तोही जो खरंच जोर लावून मारलाय असा. हे शोधणं किचकट आहे, एकेका रायडरला खूप वेळ जातो, पण इथेच खजिना आहे.

लिस्टमधली दोन माणसं बघा, नावं नाही लिहीत, क आणि ख म्हणू. ख चा ताजा आकडा ४.९, अख्ख्या लिस्टमध्ये सगळ्यात वर, आणि त्याचे सेगमेंट, म्हणजे स्ट्रावावरचे ठरावीक टप्प्यांचे टाइम, बघून सगळे त्यालाच फेव्हरिट म्हणतायत. पण तीन तासांच्या पुढच्या राइडमध्ये शेवटच्या चढावर तो ४.२ वर येतो, म्हणजे १४ टक्के घसरण. क चा ताजा ४.५ आणि थकलेला ४.३. ९० किमीला क हा ख पेक्षा चांगला क्लायंबर आहे! ख ने राइडमध्ये तासाला किती कार्ब (कार्बोहायड्रेट) घेतलं, ६० ग्रॅम की ३०, हे बाहेरून कळायला मार्ग नाही आणि कदाचित सगळी घसरण तिथलीच असेल, खाण्याचं नीट बसवलं तर तो माणूस धोकादायक आहे, म्हणून त्याला पूर्ण खाली टाकलेलं नाही.

तिसरा बदल, जुने रिझल्ट. वॅट कितीही मोजा, ग्रुपमध्ये कुठे बसायचं, कुणाचा अटॅक सोडून द्यायचा, कुठल्या वळणाआधी पुढे यायचं हे रिझल्टमध्येच दिसतं. यासाठी बुद्धिबळातली ईलो पद्धत घेतली, प्रत्येक रेस म्हणजे प्रत्येक दोन रायडरमधला एक सामना, जो पुढे आला तो जिंकला. २०० पॉइंटचा फरक असेल तर वरचा माणूस साधारण ७६ टक्के वेळा पुढे राहणार असा त्याचा अर्थ. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. एकाच ग्रुपमध्ये एकाच टाइमला आले ते बरोबरीत धरायचे, नाहीतर १५ वा आणि ४० वा यात उगाच जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. आणि सपाट रेसचे रिझल्ट या यादीत कमी वजनाने घ्यायचे, पण काढून टाकायचे नाहीत, कारण ते शेवटचे ४ किमी.

आता त्या शेवटाकडे येतो. समजा कुणी एकटा घाटाच्या टॉपवर २० सेकंद पुढे आहे आणि मागे तिघं आहेत. उतारात अंतर तेवढंच राहिलं असं धरू. सपाटीवर थकलेला एकटा माणूस ४० ने गेला तर ४ किमीला त्याला ६ मिनिटं लागतात. मागचे तिघं नीट टर्न घेत, म्हणजे आळीपाळीने पुढे येऊन हवा कापत, ४२ ने आले तर ५ मिनिटं ४३ सेकंद. म्हणजे १७ सेकंद भरून निघतात, आणि एकटा ३ सेकंदांनी वाचतो. तिघंही टर्न घेत असतील तरच हं. अमॅच्युअर रेसमध्ये रेडिओ नाही, टीम कार नाही, तिघांपैकी एकाचा मित्र पुढे सुटलेला असेल तर तो पुढे यायचंच नाव घेत नाही, दुसरा स्प्रिंटर असेल तर पाय राखून ठेवतो, आणि मग ती तिघं ३८ ने येतात. म्हणून कुठल्या क्लबची किती माणसं पहिल्या दहात घाट चढू शकतात हा कॉलम मी आता वेगळा ठेवलाय. माझ्या मते या रेसचा निकाल तिथेच लागणार आहे.

तर आजचे टक्के, जिंकण्याचे.

क – ३०. थकलेला आकडा सगळ्यात चांगला, शिवाय त्याच्याच क्लबचा अजून एक जण घाटावर टिकतो. उताराला पण निडर आहे.

ग – २२. हा ७० च्या पुढच्या वजनाचा, ताजा ४.३, थकलेला ४.१५. कागदावर घाटात क पेक्षा अर्ध्या मिनिटाने मागे पडतो, १४ मिनिटांच्या चढात तेवढं चालतं, पण अट एकच, त्याच्यासोबत टॉपला अजून दोघंतिघं हवेत. लहान ग्रुप जर एकत्र आत आला तर स्प्रिंटमध्ये त्याला हरवणारा मला लिस्टमध्ये दिसत नाही.

ख – १५. वर लिहिलंच आहे. तो दुसऱ्या, ९ टक्क्यांच्या चढावरच अटॅक करेल असा माझा अंदाज आहे, त्याचा स्वभावच तसा आहे, आणि तसं झालं तर रेस सगळ्यांसाठीच अवघड होईल, सगळ्यात जास्त फायदा क चा.

घ – १२. मास्टर्समधला, म्हणजे वयाने मोठ्यांच्या गटातला, आकडे कुठेच डोळ्यात भरत नाहीत, पण ईलोमध्ये दुसरा! वर्षानुवर्षं योग्य व्हीलला असतो हा माणूस. अशा रायडरला वॅटच्या यादीत कायम खालची जागा मिळते आणि रिझल्टमध्ये वरची, मला मनापासून आवडतो तो.

उरलेले २१ टक्के बाकी सगळ्यांचे मिळून. हा आकडा अजून कमी करू नका असं मी सगळ्यांना सांगेन, पंक्चर, क्रॅश, ताप, आणि ज्यांच्या राइड कुठेच दिसत नाहीत असे शांतपणे ट्रेनिंग करणारे लोक प्रत्येक स्टार्ट लिस्टमध्ये असतातच.

टक्के लिहायचा फायदा हा की नंतर मार्क देता येतात. त्यासाठी ब्रायर स्कोअर वापरतोय, हवामानाचे अंदाज तपासायला १९५० मध्ये ग्लेन ब्रायरने आणलेली पद्धत. कुणी पहिल्या दहात येईल याला तुम्ही ७० टक्के दिले आणि तो आला, तर चूक ०.३ चा वर्ग, ०.०९. नाही आला तर ०.७ चा वर्ग, ०.४९. बेरीज जितकी कमी तितका अंदाज चांगला. नुसतं 'अमुक जिंकणार' म्हणण्यात हे मोजताच येत नाही. ज्यांना सोबत खेळायचंय त्यांनी जिंकण्याचे टक्के आणि पहिल्या दहाचे टक्के असे दोन्ही द्या, रेसच्या आदल्या संध्याकाळपर्यंत, शीटमध्ये तुमचा कॉलम करून ठेवलाय.

अजून दोन कामं बाकी आहेत. फायनल स्टार्ट लिस्ट आली की क्लबचा कॉलम परत भरायचा, आणि शेवटच्या ४ किमीवर वारा कुठून आहे ते बघायचं. समोरून जोरात असेल तर क चे ५ टक्के काढून ग ला देणार, मागून असेल तर उलट.