तोंडाला फेस

गेल्या वर्षी ऑक्टोबरात, साखर कारखान्यांची गळीत हंगामाची धावपळ सुरू असताना, सकाळी साडेआठला फोन आला. म्हणाले मॅडम तुमच्या मराठीमुळे आमचा पंप गळतोय. मला आधी वाटलं राँग नंबर. मी भाषांतर करते, तांत्रिक मॅन्युअल्स इंग्लिशमधून मराठीत, पंपाला मी आयुष्यात हात लावलेला नाही, माझ्यामुळे तो गळेलच कसा?

तर झालेलं असं. त्या पंपाचं मॅन्युअल देताना क्लायंटने बजावलं होतं की शक्यतो शुद्ध मराठी, इंग्लिश शब्द नकोत. आता त्यात दर पानावर दोन शब्द, सरफेस आणि फेस. सरफेसला मी डोळे झाकून पृष्ठभाग केला. फेस तसाच देवनागरीत ठेवावा म्हटलं तर मराठीत फेस म्हणजे साबणाचा, "सीलचा फेस कोरडा ठेवा" असं वाक्य वाचून माणूस फेस कुठं आलाय ते शोधत बसेल. (सील म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, कडेने पाणी गळू नये म्हणून बसवलेला भाग.) चेहरा तर शक्यच नाही. मग काय, फेसलाही पृष्ठभाग! वाक्यं तयार झाली ती अशी: "सीलजवळचा पृष्ठभाग एमरी पेपरने साफ करा. सीलच्या पृष्ठभागाला हात लावू नका." एमरी म्हणजे घासायचा खरखरीत कागद. मूळ इंग्लिशमध्ये पहिला पृष्ठभाग शाफ्टचा होता आणि दुसरा सीलच्या रिंगचा, पण मराठीत दोन्ही एकच दिसत होते आणि शाफ्ट हा शब्द वरच्या ओळीतच राहून गेला होता. ही चूक सरळसरळ माझी.

मी म्हटलं मला ते सील बघायचंय. उद्यमनगरात एका दुकानात ते दुरुस्तीला आलं होतं, कारखान्याचा पोरगेला फिटर पण तिथंच उभा, कान पाडून. मी विचारलं हात लावू नका असं लिहिलेलं ना रे? तर म्हणतो, "हात कुठं लावला ताई, एमरीच लावली की." यावर काय बोलणार.

दुकानातले मामा साठीच्या पुढचे. त्यांनी दोन रिंगा माझ्यासमोर ठेवल्या, एक कार्बनची काळी, एक सिलिकॉन कार्बाइडची. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी जागेवर बसते, दोघींच्या सपाट बाजू एकमेकींवर टेकतात आणि मधे पाण्याचा मायक्रॉनभर जाडीचा पातळ थर, त्याच्यावर सगळा खेळ. ती बाजू किती सपाट पाहिजे ते दाखवायला त्यांनी हेलियमच्या दिव्याखाली एक चांगली रिंग ठेवली आणि वर जाड काच. पिवळसर उजेडात रिंगेवर काळे पट्टे उमटले, सरळ, एकसारख्या अंतरावर, जसं काही पट्टीने आखलेत. पट्टा जितका वाकडा तितका खड्डा नाहीतर उंचवटा, आणि एका पट्ट्याचा हिशोब ०.२९ मायक्रॉन. केस साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा असतो म्हणजे बघा. मग एमरी मारलेली कार्बनची रिंग ठेवली. तिच्यावर पट्टेच नाहीत, नुसती भुरकट पाटी. मला खरंच लाज वाटली, आपण एक शब्द दोनदा वापरला आणि तो असा दिसतो.

मी विचारलं मामा तुम्ही याला काय म्हणता? "फेस." आणि शाफ्टच्या बाहेरच्या अंगाला? "सरफेस. न्हायतर नुसतं शाफ्टचं अंग." फरक काय? त्यांनी दोन्ही तळहात एकमेकांवर टेकवले आणि म्हणाले, "ज्याला दुसरं काय टेकायचं असतंय त्यो फेस. बाकी सगळं सरफेस." सगळीकडे हे बसेल असं नाही, पण त्या मॅन्युअलमध्ये चोख बसत होतं.

घरी येऊन मी डिक्शनऱ्या उघडल्या (व्यसन आहे). सरफेस हा फ्रेंच, सुर म्हणजे वर आणि फास म्हणजे चेहरा, लॅटिन सुपरफिसिएसच्या धर्तीवर बनवलेला, त्याच सुपरफिसिएसमधून सुपरफिशियल पण आला. फॅसेट म्हणजे छोटासा चेहरा, हिऱ्याचा, त्याला आपल्याकडे पैलू हा झकास शब्द आधीच आहे. म्हणजे सगळी एकाच घरातली मंडळी. आपण मात्र फेसला कुठंच चेहरा केलेला नाही. फेस व्हॅल्यू दर्शनी मूल्य, प्रायमा फेसी प्रथमदर्शनी, इमारतीचा फसाड म्हणजे दर्शनी भाग. जो तो दिसण्यावरून. पण सीलचा फेस एकदा बसवला की कुणालाच दिसत नाही, तो दिसायला लागला म्हणजे पंप उघडलाय, म्हणजे काहीतरी बिघडलंय! त्याला दर्शनी कसं म्हणू? तिथं मामांचे तळहातच बरोबर होते.

शेवटी मी "टेकायची बाजू" केलं आणि पहिल्यांदा येईल तिथं कंसात सील फेस, आणि शाफ्टच्या वाक्यात शाफ्ट हा शब्द तीनदा आला तरी तीनदा लिहिला. क्लायंटचं उत्तर, टेकायची बाजू जरा गावठी वाटतंय, संपर्क-पृष्ठ करता येईल का. मी रिंगेचे दोन फोटो पाठवले, पट्टेवाला आणि भुरकट, खाली एक ओळ पण लिहिली नाही. दोन दिवसांनी "ओके" आलं.

आता त्यांचंच व्हॉल्व्हचं मॅन्युअल आलंय. त्यात फेस टू फेस डायमेन्शन आहे, म्हणजे व्हॉल्व्हच्या एका फ्लँजच्या (पाइपला जोडायच्या चकतीच्या) फेसपासून दुसऱ्याच्या फेसपर्यंतची लांबी. आणि रेझ्ड फेस फ्लँज, म्हणजे फेस जरा वर उचललेला, तो वेगळाच. तोंडाला फेस येणार आहे. मामांना उद्या अकरानंतर येते म्हणून फोन केलाय, ते म्हणाले येताना दोन कटिंग सांगून या.