दगड क्रमांक १४ : वाराचा ताळा फसला, टवक्याने तारले

बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू समाजाच्या थडग्यांवरचे लेख मी एकेक करून वाचतो आहे. मागच्या नोंदीत मी ठामपणे लिहिले होते की, हिब्रू तारखेसोबत वार कोरलेला असेल तर सालाचा प्रश्न मिटलाच म्हणून समजावे. ते विधान मी मागे घेत आहे. चौदा क्रमांकाच्या दगडाने मला तीन महिने झुलवले, आणि तो अखेर वाचता आला तो भलत्याच वाटेने.

दगड आठवत असेलच. अलिबाग तालुक्यातील इस्रायली दफनभूमीच्या दुसऱ्या रांगेतला हा काळा पाषाण. वर चार ओळी हिब्रू आणि खाली तीन ओळी मराठी. हिब्रूत 'मोशे बेन दाविद', मराठीत 'मुसाजी दाऊदजी' आणि पुढे गावावरून पडलेले 'कर'वाले आडनाव. या दुहेरी नावांचे आपल्याला आता नवल राहिलेले नाही. मुंबईत १७९६ मध्ये बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हेदेखील समाजी हसाजी म्हणूनच ओळखले जात होते. मृत्यूची तिथी इय्यार महिन्याची १७ आणि वार शनिवार. विश्रांतीचा पवित्र वार म्हणून घाणा शनिवारी बंद ठेवत, त्यावरून कोकणाने ज्यांना 'शनिवार तेली' म्हटले, त्यांच्या दगडावर हा वार इतका ठसठशीत कोरलेला पाहून मला फार बरे वाटले होते.

घोडे अडले ते सालापाशी. हिब्रूत साल अक्षरांनी लिहितात आणि प्रत्येक अक्षराला आकडा असतो. तव, रेश आणि मेम ही तीन अक्षरे स्वच्छ आहेत, म्हणजे ४००, २०० आणि ४०. हजारांचा आकडा (५०००) नेहमीप्रमाणे न कोरता गृहीत धरलेला. चौथे अक्षर 'हे' असेल तर ५ आणि 'हेत' असेल तर ८. पहिल्याचा डावा पाय वरच्या आडव्या रेघेपासून सुटा असतो, दुसऱ्याचा जोडलेला, आणि नेमक्या त्याच सांध्यावर दगडफूल चढून खाली पाषाण झिजला आहे. 'हे' मानले तर ५६४५, म्हणजे इसवी सन १८८५. 'हेत' मानले तर ५६४८, म्हणजे १८८८.

मावळतीच्या उन्हात आरसा तिरका धरून पाहिले, विजेरी जमिनीलगत ठेवून पाहिले. फट एका छायाचित्रात दिसे आणि दुसऱ्यात नाहीशी होई. ठसे घेण्यासाठी एका ऑनलाइन दुकानातून मुद्दाम महागडा कागद मागवला होता, तो दुसऱ्याच घासणीत फाटला. तेव्हापासून मी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतला बटर पेपर आणि काळा मेणखडूच वापरतो व तेच सुचवतो. तारेचा ब्रश आणि तेजाब यांविषयीचे माझे मत पूर्वीसारखेच कडवट आहे: साधे पाणी आणि मऊ ब्रश याने जे निघत नाही, ते निघू नये.

मग वाराचा ताळा घेतला आणि हबकलोच, कारण १७ इय्यार दोन्ही साली शनिवारीच येते. १८८५ मध्ये २ मे रोजी आणि १८८८ मध्ये २८ एप्रिल रोजी. कारण शोधल्यावर स्वतःचेच हसू आले. साध्या, म्हणजे अधिक महिना नसलेल्या वर्षात हेश्वान आणि किस्लेव हे दुसरा-तिसरा असे दोनच महिने दिवसाने कमी-जास्त होतात आणि पुढच्या तेवेतपासून शेवटच्या एलूलपर्यंतची लांबी ठरलेली असते; इय्यार त्यातच येतो. या दोन्ही वर्षांनंतरचा हिब्रू नववर्षदिन (१० सप्टेंबर १८८५ आणि ६ सप्टेंबर १८८८) गुरुवारी आल्यामुळे मागचे नऊ महिने वारांसकट तंतोतंत जुळतात. मृत्यू किस्लेवच्या आत झाला असता तर मी सुटलो असतो.

सुटका मराठी ओळीने केली. तिथे 'ता.' आहे, मग टवका उडालेला आहे, पुढे 'सन १८८' आणि मग तुटलेली कड. या टवक्याकडे मी आजवर केवळ नुकसान म्हणून पाहत होतो. परवा ठसा पुन्हा पसरला तेव्हा त्याची रुंदी मोजावी असे सुचले. टवका साडेतीन इंचांचा आहे आणि त्या ओळीतले एक अक्षर सुमारे दीड इंचाचे. '२ मे' तिथे आरामात बसते. '२८ एप्रिल' ला त्याच्या दुपटीहून अधिक जागा लागली असती. हिब्रू दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो, त्यामुळे मृत्यू शुक्रवारी रात्री झाला असला तरी '१ मे' आणि '२७ एप्रिल' यांचे गणित तेच राहते. बटर पेपरवर दोन्ही तारखा त्याच वळणाने लिहून टवक्यावर ठेवल्या तो क्षण मी दोन वेळा अनुभवला, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता.

साल १८८५ ठरल्याने आमच्या घरातल्या हग्गादाचे, म्हणजे वल्हांडण सणाच्या जेवणावेळी वाचायच्या पुस्तकाचे, कोडे उलगडले. पुण्यात १८७४ साली छापलेली ही हिब्रू-मराठी प्रत. साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करीत आहेत ते चित्र असलेली. तिच्या कोऱ्या पानावर मोडीत 'मुसाजी दाऊदजी, १८८६' असे आहे आणि ती सही याच दगडाखालच्या माझ्या खापरपणजोबांची असे घरात सर्व जण मानत आले. ते तर आदल्या वर्षीच वारले होते. तेव्हा सही नातवाची. मुसाजींचा मुलगा दाऊदजी आणि त्याचा मुलगा पुन्हा मुसाजी. पुस्तक आणि नाव असे दोन्ही त्याच्याकडे आले होते.

तिसरी रांग पावसाळ्यापूर्वी संपवण्याचा बेत होता, तो लिहिता लिहिताच बदलतो आहे. आधी पहिल्या दोन रांगांतील 'हे' आणि 'हेत'वर बेतलेली सर्व वाचने पुन्हा तपासतो, आणि यापुढे प्रत्येक टवक्याची रुंदी तक्त्यात वेगळ्या रकान्यात नोंदवतो. शिवाय धाकट्या मुसाजींचा दगड शोधायचा आहे. तो बहुधा पाचव्या रांगेत असावा, पण तिथे करवंदीच्या जाळ्या माजल्या आहेत. कोयता चालवण्याची सवय असलेले कोणी सोबत येणार असतील तर रविवार ठरवू.