बॅक्युलाच्या कॉन्फिगमधला पाइप
आज अख्खी दुपार बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये गेली. एका सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप फेल, आणि कॉन्फिग उघडलं तर रनस्क्रिप्टच्या (बॅकअपच्या आधी-नंतर चालणाऱ्या) कमांडमध्ये आधीच्या कुणीतरी सगळं शेल एका ओळीत कोंबलेलं, मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत काढणारं), मग पाइप (एकाचं आउटपुट पुढच्याला देणारं "|" चिन्ह), जीझिप (ते दाबून लहान करणारं), पुढं फाइलच्या नावात तारीख. लॉगमध्ये एरर काय, तर "|" नावाचं टेबल सापडत नाही! सिंटॅक्स टेस्ट मात्र पास, कारण कोट्स बरोबर आहेत ना. मुद्दा असा की बॅक्युला ही कमांड शेलमार्फत, म्हणजे पाइपसारखी चिन्हं समजणाऱ्या प्रोग्रामातून, चालवतच नाही, त्यामुळे डंपला पाइप म्हणजे टेबलाचं नाव वाटतं, आणि तारखेतला टक्का-डी (%d, म्हणजे दिवस) बॅक्युला स्वतःच उचलून तिथं डिमनचं (मागे चालणाऱ्या आपल्याच प्रोग्रामचं) नाव टाकतो, टक्का दोनदा लिहिला तरच वाचतो. शेलमध्ये गुंडाळून, कोट्स एस्केप करत हे जमवता येतं, पण मला ते अजिबात पटत नाही, रात्री दोनला ते वाचणाऱ्याचे हाल होतात हो. सरळ वेगळी स्क्रिप्ट केली, एक्झिक्युट परमिशन दिली, कॉन्फिगमध्ये फक्त तिचा पाथ, रीलोड, जॉब हातानं चालवला. मग रिकाम्या डेटाबेसवर रिस्टोर, टेबलं सगळी आली. आणि डंप मधेच मेला तरी जीझिप ओके म्हणतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये पाइपफेल (पाइपमधलं काहीही फेल झालं तर सगळंच फेल धरणारी सेटिंग) लावलंय, तुमच्याकडे असा पाइपवाला डंप असेल तर प्लीज आजच बघून घ्या.