काट्यावरची सॅक

किराणा दुकानाच्या काट्यावर मी रिकामी सॅक ठेवली तेव्हा दुकानदाराने आधी सॅककडे बघितलं, मग माझ्याकडे. "मॅडम, हे कुठल्या भावानं लावू?" मागे तेलाला थांबलेल्या दोघी खुदकन हसल्या. काट्यावरचे लाल आकडे जरा थरथरले आणि १.६८० वर थांबले. आत रुमालसुद्धा नव्हता. म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलो साखर पाठीला बांधून मी पाच वर्षं साताऱ्याच्या आसपासचे डोंगर चढत होते, आणि दम लागला की गुडघ्यांना बोल लावत होते.

ती सॅक मूळची मुलाची, ४५ लिटरची. तो शिकायला पुण्याला गेला तेव्हा घेतलेली, पाठीच्या बाजूने आत दोन पट्ट्या घातलेली. त्याला नोकरी लागल्यावर ती माळ्यावर गेली आणि आम्ही शाळेतल्या चौघी रविवारी बाहेर पडायला लागलो तेव्हा खाली आली. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी यायचं, तरी ती भरून जायची, कारण जागा दिसली की आमच्याकडे ती मोकळी ठेवत नाहीत. शाल असू दे, जादा ड्रेस असू दे, शेंगदाण्याचे लाडू जरा जास्त असू देत. हे "असू दे" यजमानांचं. ते स्वतः अजिंक्यताऱ्यावरसुद्धा गाडीने जातात.

काट्याचा आकडा मनाला लागला आणि मी तडक दुसऱ्या टोकाला गेले. मोबाइलवर बघून ३८० ग्रॅमची सॅक मागवली. घडी केली की ओंजळीत मावायची. कापड कांद्याच्या सालीसारखं पातळ, त्यात चौकटीचं जाड दोऱ्याचं विणकाम. त्याला रिपस्टॉप म्हणतात. कुठे फाटलंच तर चीर त्या चौकटीपाशी अडावी म्हणून. दुकानदाराला मुद्दाम नेऊन दाखवली. "आता कसं, पावशेर-दीड पावशेरात आलात," तो म्हणाला.

तिला घेऊन वासोट्याला गेलो. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून पलीकडे उतरलं की वनखात्याची तपासणी असते. प्लॅस्टिक मोजून लिहून घेतात आणि परतताना तेवढंच दाखवावं लागतं. ही कटकट नको म्हणून मी स्टीलच्या बाटल्या घेतल्या होत्या. एक लिटरच्या दोन, शिवाय अर्धा-अर्धा लिटरच्या दोन. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो हे चौथीच्या मुलांना मी दरवर्षी शिकवते. बाटल्यांचं वजन वेगळं. ते सगळं त्या ओंजळीएवढ्या सॅकमध्ये कोंबल्यावर ती बटाट्याच्या पोत्यासारखी गोल झाली. एका बाटलीचं बूड पाठीच्या मणक्यावर बरोबर टेकलं. आत ना पट्टी, ना कमरेला पट्टा. सगळा भार दोन बोटं रुंदीच्या बंदांवर. गडावरच्या बिनछपराच्या मारुतीपाशी सॅक उतरवली तर दोन्ही खांद्यांवर लाल चरे उठले होते. पाऊण किलो डबा, टॉर्च, वाऱ्याचं जाकीट सगळं धरून ओझं सहा किलोच्या आतच असेल. जुन्या सॅकमध्ये याहून जास्त असायचं आणि तरी खांदे असे कधी सोलवटले नव्हते. मग हलकी कुठली म्हणायची?

परतीच्या लाँचमध्ये आजी आठवली. माझं आजोळ माणमधलं, दहिवडीच्या पुढचं. तिथे पाणी म्हणजे आणायची गोष्ट. आजी डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा घ्यायची आणि कमरेवर कळशी. मी नऊ-दहा वर्षांची असताना हौसेने छोटी कळशी हातात लोंबकळवत निघाले, तर ती ओरडली होती, "हातात न्हाई, कमरंवर घे. हाडावर बसव." मी कळशी कमरेच्या हाडावर टेकवली, हाताने वेढा घातला आणि वजन कुठे गेलं ते कळलंच नाही. सॅकचा कमरपट्टा नेमकं हेच करतो. भार खांद्यांवरून काढतो आणि त्याच हाडावर बसवतो. आमच्या माणमधल्या बायका सॅक पाठीला न लावता हे जाणत होत्या, आणि मी पैसे मोजून पट्टा नसलेली सॅक घेतली होती.

तेव्हापासून सॅकच्या वजनाआधी मी पाण्याचा विचार करते. अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्याला सॅकच कशाला हवी? यवतेश्वरच्या घाटात मॅरेथॉनचा सराव करणारे तर कमरेला छोटी बाटली अडकवून पळतात. त्यांना ३८० ग्रॅमसुद्धा जड वाटेल. पण दिवाळी उलटली की आमच्याकडचे डोंगर वाळतात, आणि माहीत नसलेल्या टाक्यातलं पाणी प्यायची माझी हिंमत नाही. म्हणजे तीन लिटर पाठीवर न्यायचंच. हिशोब केला तर पातळ सॅक आणि कमरपट्टा असलेली जरा अंगाची सॅक यांत फरक अर्ध्या किलोचा, म्हणजे अर्धा लिटर पाण्याएवढा. तेवढ्यासाठी खांदे सोलून घ्यायचे का?

दुसऱ्या वेळी मोबाइल बाजूला ठेवला आणि पोवई नाक्याकडच्या एका दुकानात गेले. जाण्याआधी घरी माप घेतलं. मान खाली घातली की मागे जो मणका वर येतो, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत. टेप यजमानांच्या हातात. शिंप्याला ब्लाउजची मापं देताना जन्म गेला, पण पाठ इतक्या खालपर्यंत कोणी मोजली नव्हती. १६ इंच भरली. मुलाच्या सॅकचा पट्टा माझ्या कमरेखाली का लोंबायचा त्याचा उलगडा झाला.

दुकानातला मुलगा "काकू, पूर्ण वॉटरप्रूफ आहे," असं चारदा म्हणाला. कापडातून पाणी येत नाही हे खरंच, पण शिवणीतून आणि चेनमधून येतंच. जुन्या सॅकचा आतला लेप तर आमच्या दमट हवेत चिकट होऊन पापुद्र्यांसारखा सुटला होता, डब्यालाही चिकटायचा. वरून घालायचं रेनकव्हर मिळतं, पण पाठीवरून ओघळणारं पाणी त्याच्या बुडात साठतं. त्यापेक्षा आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घालावी आणि तिचं तोंड पिळून दुमडावं. बामणोलीच्या वाटेवर पावसात भातलावणी करणाऱ्या बायका खताच्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून डोक्यावरून खोळ घेतात. त्यांच्याइतकी कोरडी पाठ मी कुठल्याही महागड्या जाकिटात बघितली नाही.

मी त्याला म्हटलं, पाण्याच्या बाटल्या घालून दे. तो जरा गोंधळला, मग गल्ल्याजवळचा बाटल्यांचा बॉक्स उचलून आणला. बाटल्या पाठीलगत उभ्या घातल्या, पट्टा हाडावर आवळला, छातीवरची क्लिप लावली आणि मी दुकानात पंधरा मिनिटं येरझाऱ्या घातल्या. गिऱ्हाईकं बघत होती. चौथी सॅक बसली. २५ लिटर, ८९० ग्रॅम.

२५ लिटर म्हणजे नक्की किती, ही शंका मात्र यजमानांना आली. त्यांनी एक लिटरचं मापटं काढलं आणि चुरमुऱ्यांनी सॅक भरायला घेतली. मोठ्या कप्प्यात २१ मापं गेली. उरलेले बहुधा बाहेरच्या खिशांचे धरले असावेत. "चार लिटरला फसवलं," असं ते अजूनही पाहुण्यांना सांगतात. चुरमुरे पुढे आठवडाभर निघत होते, एक तर वैराटगडावर निघाला.

त्या दिवशी आमच्यातली एक नवीच फुलपाखरासारखी सॅक लावून आली होती. काखेतून पातळ बंद, आत अर्ध्या लिटरची एक बाटली आणि मोबाइल. चढताना ती सगळ्यांत पुढे. वर पोचल्यावर सावलीत बसलो, डबे उघडले, आणि ती हळूच माझ्या शेजारी सरकली. "बाई, दोन घोट मिळतील?" मी बाटली दिली. तिने दोन घोट म्हणत अर्धी संपवली, मग बाकीच्या दोघींनीही हात पुढे केले. लाडू झाले, ठेपले झाले, शेवटची बाटलीही जवळजवळ रिकामी झाली. उतरताना पट्टा सैल करावा लागला. सॅकमध्ये राहिलं होतं रिकामं स्टील, जाकीट आणि तळाशी एक चुरमुरा.