चाळीस अंशांच्या ड्रममधील कॉड

एका कारखान्याने आमच्या प्रयोगशाळेकडे कॉड माशाची क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेली कातडी तपासणीसाठी पाठवली होती. पेटीतून निघाले ते आक्रसलेले, रबरासारखे ताणले जाणारे तुकडे, आणि त्यांच्या पातळ कडा सरसासारख्या चिकट झाल्या होत्या. क्रोमचा साठाच सदोष आहे, अशी कारखान्याची खात्री होती. मात्र त्याच साठ्यातून गाईचे चामडे उत्तम निघाल्याचेही त्यांनीच पत्रात लिहिले होते, आणि मला तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले.

आधी तुकड्यांतील क्रोमियम मोजले. ते पुरेसे होते. क्रोमियम कोलॅजेनमधील, म्हणजे कातड्याच्या मुख्य प्रथिनातील, ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लांच्या कार्बॉक्सिल गटांशी जोडले जाते आणि हे गट गाईत व कॉडमध्ये जवळपास सारख्याच संख्येने असतात, त्यामुळे माशाचे कातडे क्रोम घेण्यात मागे पडत नाही. खरा फरक हायड्रॉक्सिप्रोलीनमध्ये आहे. कोलॅजेनच्या तिहेरी पिळाला उष्णतेत टिकवून धरणारा हा घटक गाईत दर हजार अमिनो आम्लांमागे सुमारे ९५, तर थंड समुद्रातील कॉडमध्ये त्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो.

मग कच्च्या कातड्यांच्या पट्ट्या पाण्यात टांगून तापमान हळूहळू वाढवत नेले. गाईची पट्टी ६५ अंशांच्या आसपास आकसली. कॉडची पट्टी ४० अंशांजवळच क्षणात गोळा झाली, आणि पिकलच्या, म्हणजे क्रोमआधी कातडे ज्यात मुरवतात त्या मीठ-आम्लाच्या द्रावणात ठेवलेली तर त्याही आधी. हा आकडा पाहून मी कारखान्यातल्या कातडी कमावण्याच्या फिरत्या ड्रमची नोंदवही मागवली. क्रोम टाकल्यावर थोड्याच वेळात, गाईच्या कातड्यासाठी नेहमी करतात तसे, क्रोम पक्का बसावा म्हणून ड्रम ४० अंशांपर्यंत तापवला होता. कॉडचा पीळ आधी उलगडला आणि मग त्या उलगडलेल्या अवस्थेतच क्रोमने त्याला जखडून टाकले. असे कातडे कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही.

आम्ही तीच कृती ड्रम थंड ठेवून, सामू अगदी सावकाश वाढवत पुन्हा केली. कातडे सपाट आणि मऊ निघाले. त्याचे आकुंचन तापमान, म्हणजे ज्या तापमानाला कातडे आकसते ते, बरेच वाढले, तरी शंभर अंश ओलांडणाऱ्या गाईच्या क्रोम चामड्याच्या ते मागेच राहिले. मिमोसा झाडाच्या सालीतील टॅनिनने कमावल्यावर दोन्ही कातड्यांत या तापमानाची वाढ क्रोमपेक्षा कमी झाली, कारण ते मुख्यतः हायड्रोजन बंधांवर अवलंबून असते, पण गाय आणि कॉड यांच्यातले अंतर तिथेही मिटले नाही. कमावण्याचे रसायन मूळ कोलॅजेनच्या ताकदीत भर घालते, तिची जागा घेत नाही, हे मी अहवालात ठळकपणे नोंदवले.

सर्व मासे एकाच मापाने मोजू नयेत, हेही त्यात लिहिले. उष्ण पाण्यातील तिलापियाचे कातडे कॉडपेक्षा बरीच अधिक उष्णता सोसते. म्हणून प्रत्येक नव्या जातीच्या कच्च्या आणि पिकल केलेल्या कातड्याचे आकुंचन तापमान आधी मोजावे आणि क्रोम पक्का बसेपर्यंत ड्रम त्याच्या बराच खाली ठेवावा, अशी शिफारस करून क्रोमच्या साठ्याला आम्ही निर्दोष ठरवले.